हसऱ्या आजोबांचा डबा

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मला हात लावू नका. माझ्या अंगावर पांढऱ्या केसांच्या आजोबांचे चित्र आहे. ते दोन्ही हातांत लहानशी वजने धरून हसत आहेत. ते पाहून कोणालाही वाटेल की हा डबा भला दिसतो. एके काळी मी भला होतोच. म्हाताऱ्या माणसांच्या अंगात बळ यावे म्हणून जी प्रथिनांची भुकटी मिळते, तिचा मी एक जुना प्लास्टिकचा डबा आहे. कंधारच्या एका घरात मी जे पाहिले, ते आठवले की आजही माझे झाकण थरथरते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी इतका मऊ होतो, की कोणी बोट लावले असते तरी चेपलो असतो. मग मला थंड केले, माझ्यात फिकट पिवळसर, दुधाच्या वासाची भुकटी भरली, तीत मापाचा एक चमचा खोचला आणि माझ्या तोंडावर चंदेरी पापुद्रा चिकटवला. त्यानंतर खोक्यातला काळोख सुरू झाला. ट्रक कुठे चालला आहे हे कळत नसे. लातूरच्या गोदामात खोकी उतरली, पुन्हा चढली, आणि शेवटी नांदेडच्या एका औषधाच्या दुकानात मला उजेड दिसला.

तिथेही माझी भीती गेली नाही. माझ्या शेजारच्या डब्यांवर पिळदार दंडांच्या तरुणांची चित्रे होती. कॉलेजातली पोरे येत आणि त्यांना घेऊन जात. माझ्यावरच्या आजोबांकडे कोणी बघत नसे. माझ्या बुडाशी एक तारीख छापलेली होती. ती उलटून गेली की दुकानदार डबे काढून टाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले होते.

एका दुपारी मोटारसायकलवरून धुळीने भरलेला एक माणूस आला. "म्हाताऱ्या माणसांचा डबा पाहिजे, आईसाठी," तो म्हणाला. दुकानदाराने मला फडक्याने पुसून त्याच्या हातात दिले. त्याचे नाव श्रीमंत. कंधारला गावाबाहेर त्याचे घर होते आणि घरामागे शेत होते. हा सज्जन माणूस होता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे ऐकल्यावर तुम्ही त्याच्यावर रागवाल.

त्याची आई गुणाबाई सत्तरीला टेकलेली होती. मोरीत पाय घसरून तिचे मनगट मोडले होते. हाड जुळले, पण तेवढ्या काळात अंगावरचे मांस उतरले. दांडगी बाई, पण खाटेवरून उठताना खाटेचा दांडा धरावा लागे. तिची आई म्हातारपणी खाटेवर पडून राहिली होती आणि तशीच गेली होती. गुणाबाईने तिचे सगळे केले होते. आपल्यावर तीच पाळी येणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. ती कोणाला सांगत नसे. पण उठताना तिचा हात दांडा कसा शोधतो ते मला फडताळातून दिसत असे.

समोरच्या घरात जन्नतबी राहत असे. तिचा नवरा शिंपी होता. तो गेल्यावर त्याचे मशीन तीच चालवी. दोघी नव्या सुना असल्यापासूनच्या मैत्रिणी. जन्नतबीचे गुडघे इतके दुबळे झाले होते, की नमाजात सजद्यातून, म्हणजे कपाळ जमिनीला टेकवून, उठताना तिला भिंतीचा आधार लागे. शेवटी ती खुर्चीवर बसून नमाज पढू लागली होती. त्याचे तिला फार वाईट वाटे.

जन्नतबीची भाची मुबश्शिरा नांदेडच्या एका दवाखान्यात रुग्णांना व्यायाम शिकवीत असे. सुट्टीत ती आली, तिने दोघींना खुर्चीवर बसवले आणि हात न टेकता उठायला सांगितले. एकीलाही उठता आले नाही.

"मावशी, नुसतं चालून भागत न्हाई," ती गुणाबाईला म्हणाली. "वजन उचलायला पाहिजे. अंगात मांस असलं तर माणूस पडत न्हाई."

"आता या वयात पैलवानकी करू का मी?"

"पैलवानकी न्हाई. संडासला आपल्या पायानं जाता आलं पाहिजे, त्यासाठी सांगून राहिले."

दोघींच्या मनातले ती मोठ्याने बोलली होती.

मुबश्शिराने आधी दोघींच्या रक्ताच्या आणि लघवीच्या तपासण्या करून घेतल्या. मग जेवणाचे विचारले. गुणाबाईचे दात हलत होते, अंडे तिला चालत नव्हते, डाळ ती अर्धी वाटी खाई. "डाळ, दूध, उसळ वाढवा. जी तूट राहील तिला हा डबा. जेवण सोडून डबा न्हाई," असे तिने बजावले.

तरी गुणाबाई मला भीतच होती. "याच्यानं किडन्या जातात म्हणे गं," ती म्हणाली.

"ज्यांच्या किडन्या आधीच आजारी हायेत, त्यांनी डॉक्टरला विचारल्याबिगर घेऊ नये. म्हणून तर तपासलं ना. तुमच्या दोघींच्या बऱ्या हायेत."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तिथून सुरू झाले. जन्नतबीने जुन्या पँटींचे पाय कापून, त्यांत वाळू भरून पिशव्या शिवल्या. रोज सकाळी ओसरीवर दोघी त्या पिशव्या उचलत, खुर्चीवरून उठत आणि बसत. हसण्यात अर्धा व्यायाम जाई. मग गुणाबाई माझे झाकण उघडून कोमट दुधात भुकटी ढवळी. वर फेस येई.

"मला याचा वास येत न्हाई. कोरोनापासून नाकच मेलंय," गुणाबाई म्हणे.

"काही हुकलं न्हाई तुझं. दुधाचाच वास हाय," जन्नतबी म्हणे.

हळूहळू गुणाबाईचा हात खाटेचा दांडा विसरला. पाण्याची घागर ती पुन्हा कडेवर घेऊ लागली. आणि एका शुक्रवारी जन्नतबी धावतच रस्ता ओलांडून आली. "गुणा, आज मैं नीचे बैठ के नमाज पढी. अन् उठले. भिंतीला हात न लावता." गुणाबाईने मला फडताळातून काढले आणि माझ्या अंगावरून पदर फिरवला. एवढे कौतुक माझे पुन्हा कोणी केले नाही.

भुकटी संपली की श्रीमंत नवी पिशवी आणून माझ्यातच ओती. शेवटी एकदा मी रिकामा झालो. या खेपेला नवा डबाच आणायला श्रीमंत पुढच्या आठवड्यात नांदेडला जाणार होता. सून आरतीने मला धुतले, उन्हात पालथे घातले आणि चमचा आत टाकून खिडकीत ठेवले. माझ्यात आता शेंगदाणे भरतील, की हरभऱ्याची डाळ, याचा मी विचार करीत होतो.

सोयाबीनवर अळी पडली होती. श्रीमंत फवारणीहून आला तेव्हा त्याच्या हातात औषधाचे अर्धे उरलेले पाकीट होते. ते फाटले होते आणि हवा दमट होती. त्याने इकडे तिकडे पाहिले. मी खिडकीत होतो. घट्ट झाकणाचा, कोरडा, रिकामा.

माझ्यात जे पडले ते पांढरे होते. त्याला उग्र, नासका वास होता. माझ्या भिंती त्या वासाने भरून गेल्या. मला ओरडायचे होते, पण डब्याला तोंड असते ते फक्त भरण्यासाठी. श्रीमंतने झाकण लावले, मला गोठ्यातल्या फळीवर ठेवले आणि हात धुता धुता पुटपुटला, "आरतीला सांगायला पाहिजे." तेवढ्यात मजुरांचा फोन आला. बोलत बोलत तो शेताकडे गेला आणि सांगायचे राहून गेले. फाटके पाकीट तेवढे त्याच्या फवारणीच्या पंपाच्या पिशवीत राहिले.

मी गोठ्यात बसलो. वासरू मान वर करून हुंगू लागले की माझा जीव गोळा होई. कोंबडी फळीवर चढली की मी झाकण आवळून धरी. माझ्या अंगावरचे आजोबा मात्र हसत होते. आत काय आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्यांच्या त्या हसण्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती वाटू लागली.

पोळा जवळ आला. आरतीने गोठा साफ करायला घेतला. जाळी काढताना तिला मी दिसलो. मला उचलून तिने हलवून पाहिले. मी भरलेला होतो.

"आत्याबाईंचा डबा इथं कामून ठेवला यांनी," ती स्वतःशीच म्हणाली. नवा डबा आणून नवरा इथेच विसरला, असे तिला वाटले. वाटणारच. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली, घरात नेऊन सासूच्या हाताला येईल अशा जागी ठेवले आणि पुन्हा गोठ्याकडे गेली. किती मायेने ठेवले होते तिने मला. मला ती माया सोसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यायाम झाला आणि गुणाबाई आत आली. तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला.

"श्रीमंतनं आणला जणू," ती बाहेर बघून म्हणाली. "जन्नत, बस गं. दूध करते."

मी झाकण घट्ट धरले. खरे सांगतो मित्रांनो, प्लास्टिकला जेवढे बळ असते तेवढे सगळे लावले. पण तिच्या हातात आता ताकद होती. ती मीच तिला दिली होती. झाकण निघाले. चंदेरी पापुद्रा नव्हता, तिच्या ते लक्षात आले नाही. चष्मा बाहेर खुर्चीवर राहिला होता. वास तिला येत नव्हता. तिने चमचा भरून एका पेल्यात टाकला, दुसऱ्या पेल्यात टाकला आणि ढवळू लागली.

"या बारीला फेस येईना बघ," ती म्हणाली आणि चव पाहायला तिने एक घोट घेतला.

जन्नतबी तेव्हा पेला घेण्यासाठी दारात आली होती. तिने आपला पेला उचलून तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबली. तिने गुणाबाईच्या हातातला पेला काढून घेतला.

"थुंक. गुणा, थुंक ते."

"काय झालं?"

"हे दूध न्हाई. फवाऱ्याचा वास मारून राहिला. गिळलंस का?"

गुणाबाईने होकारार्थी मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आरडाओरडा ऐकून शेजारचे गोळा झाले. कोणी म्हणाले मिठाचे पाणी पाजा, कोणी म्हणाले बोटे घालून उलटी करायला लावा. आरती दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिला काही कळेना झाले होते. जन्नतबीने मुबश्शिराला फोन लावला. फोनमधला आवाज मीही ऐकला. "खाला, काही पाजू नका. उलटी करायला लावू नका. तोंड धुवा, अन् जसं हाय तसं दवाखान्यात न्या. डबा संगं न्या. आत काय होतं ते डॉक्टरला कळलं पाहिजे."

जन्नतबीने मला झाकण लावून पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली. मग गुणाबाईच्या काखेत हात घातला. काही महिन्यांपूर्वी या दोघींना खुर्चीवरून उठता येत नव्हते. आता एक दुसरीला ओसरीच्या पायऱ्यांवरून रिक्षेपर्यंत घेऊन गेली. रिक्षेत मी जन्नतबीच्या मांडीवर होतो. आरतीही सोबत बसली होती. गुणाबाईला दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली.

"जन्नत, मी जाते का गं?" तिने विचारले.

"न्हाई जात. मी सोडत न्हाई तुला," जन्नतबी म्हणाली. पण तिच्या ओठांतून पुढे जे शब्द निघत होते, ते दुआचे होते.

कंधारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला पाहिले, झाकण जरासे उघडले आणि लगेच लावले. "डब्यावर लिहिलंय ते न्हाई हे. हे कुठलं औषध आहे?" कोणालाच सांगता येईना. आरतीने श्रीमंतला फोन केला. तो चिखलाच्या पायांनी धावत आला. त्याच्या हातात फाटके पाकीट होते. फोनवर 'आईचा डबा' एवढे ऐकताच त्याला सगळे कळले होते. पाकिटावरचे नाव वाचून डॉक्टर आत गेले, इंजेक्शने सुरू झाली, आणि मग गुणाबाईला ॲम्ब्युलन्समधून नांदेडला हलवले.

नांदेडच्या दवाखान्यात मी एका टेबलावर होतो. विषाचे प्रकरण म्हणून पोलीस आला. त्याने मला निरखून पाहिले.

"डबा घरात कोणी ठेवला?" त्याने विचारले.

"मी," आरती म्हणाली.

"सासूशी पटतं का तुमचं?"

आरती भिंतीला टेकली. नात्यातली दोन-चार माणसे आली होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिले. मित्रांनो, त्या नजरा मला विषापेक्षा भयंकर वाटल्या. मला सगळे ठाऊक होते आणि मी एक शब्द बोलू शकत नव्हतो. श्रीमंत खाली मान घालून उभा होता. तो बोलला नाही तर, या विचाराने मी गारठलो.

मग त्याने मान वर केली.

"साहेब, तिला काही विचारू नका. औषध मी भरलं डब्यात. पाकीट फाटलं म्हणून. तिला सांगायचं राहिलं. तिनं आईची चीज म्हणून घरात नेला." तो आरतीकडे बघत म्हणाला, "माझ्या हातानं झालं हे."

आरती खाली बसली आणि रडू लागली. पोलिसाने जबाब लिहिला. पुढे गुणाबाईला बोलता येऊ लागल्यावर तिनेही आरतीवर आपला संशय नाही असे सांगितले. एकच घोट गेला होता आणि वेळेवर आणले म्हणून वाचली, असे डॉक्टर म्हणाले. माझ्यातली भुकटी तिथेच काढून घेतली आणि मला पिशवीत बांधून श्रीमंतच्या हवाली केले. जाळायचा नाही, ओढ्यात टाकायचा नाही, कशालाही वापरायचा नाही, असे त्याला बजावले. असे डबे जिथे गोळा करतात तिथे नेऊन द्यायचा होता. तोवर त्याने मला ओसरीसमोरच्या कडुलिंबाला उंच टांगले.

गुणाबाई घरी आली, पण भीती तिच्यासोबत आली. ती दूध पीत नसे. पीठ, मीठ, साखर, काहीही पांढरे दिसले की तिचा हात मागे जाई. भाकरी जन्नतबीने हुंगून दिली तरच खाई. आरतीला ती कधी काही बोलली नाही. पण आरतीने ताट ठेवले की ती आधी ताटाकडे बघे, आणि आरती ते बघे. वाळूच्या पिशव्या कोपऱ्यात पडून राहिल्या. गुणाबाईचा हात पुन्हा खाटेचा दांडा शोधू लागला. लिंबावरून मला सगळे दिसत होते. मी तिला जे दिले होते ते सगळे एका घोटाने परत घेतले होते.

मग एका सकाळी आरती नवा डबा घेऊन ओसरीवर आली. जन्नतबी बसलेली होती. आरतीने सासूच्या समोर झाकण उघडले, चंदेरी पापुद्रा तिला दाखवला आणि तिच्यासमोरच फाडला. डबा जन्नतबीच्या नाकाशी नेला.

"दूध. नुसता दुधाचा वास हाय," जन्नतबी म्हणाली.

आरतीने पेल्यात भुकटी ढवळली आणि पेला सासूला दिला नाही. आधी स्वतः अर्धा पिऊन टाकला. मग तो धरून तशीच बसून राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

गुणाबाईने हात पुढे केला. "आण इकडं," ती म्हणाली. "माझ्या वाटचं सगळं पिऊन टाकशील." तिने उरलेले दूध संपवले. तोंड पुसून ती म्हणाली, "पोरी, मी तुला भीत नव्हते गं. मी डब्यावरच्या त्या चित्राला भीत होते." आणि मग तिने जन्नतबीला पिशव्या आणायला सांगितले.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. ज्या डब्यातून कोणी खाल्ले, प्याले, त्यात विष कधीही ठेवू नका. क्षणभरासाठी नाही, अडचणीसाठीही नाही. औषध त्याच्याच पाकिटात, कुलपात ठेवा. घाईत काही ठेवलेच तर घरातल्या प्रत्येकाला सांगा, फोन वाजत असला तरी आधी सांगा. आणि म्हातारी माणसे तुमच्या हातचे विश्वासाने पितात, चष्मा न लावता पितात, हे विसरू नका.

मला जमा करायचा दिवस आला. श्रीमंतने मला लिंबावरून उतरवले, हातमोजे घातले आणि हातोडा व जाड खिळा घेतला. माझ्या बुडाला, पोटाला, आजोबांच्या चित्रावरही त्याने भोके पाडली, म्हणजे पुन्हा कोणी माझ्यात काही भरू शकणार नाही. जन्मापासून मी सगळ्याला भीत आलो. पण खिळा आरपार गेला, पहिल्यांदाच माझ्यातून वारा वाहिला, आणि मला भीती वाटली नाही.